कंधार : तळे, मन्याडकाठचे गाव आणि भुईकोट

कंधार हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव मन्याड नदीच्या काठी आहे. नांदेडहून ते सुमारे पन्नास किलोमीटर. लातूरच्या रस्त्याने लोह्यापर्यंत यायचे आणि तिथून कंधारकडे वळायचे. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना किंवा शाळेच्या सहलीला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल, अशी जिल्ह्यात जी मोजकी ठिकाणे आहेत त्यांत कंधारचा क्रम वरचा लागतो. बहुतेक सहली थेट भुईकोट किल्ल्याच्या दारात उतरतात, तासाभरात महाल पाहतात, तोफेजवळ फोटो काढतात आणि परत फिरतात. कंधार अशा रीतीने निम्मेही कळत नाही. इथला किल्ला आज दिसतो त्या रूपात गावाच्या इतिहासाच्या उत्तरार्धातला आहे. त्याच्या आधीचे कंधार आकाराने मोठे होते, आणि त्याच्या खुणा तटाबाहेर तळ्याकाठी आणि नदीपलीकडे विखुरल्या आहेत. म्हणून वाट दाखवणारा जाणता असेल तर तो आधी तळ्यावर नेतो, मग नदीकाठी, मग गावात, आणि किल्ला शेवटी दाखवतो. पुढचे वर्णनही त्याच क्रमाने आहे.

तळ्याचे नाव जगत्तुंग सागर. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट काळच्या शिलालेखात ते ‘जगत्तुंगसमुद्र’ असे येते. जगत्तुंग हे राष्ट्रकूट सम्राट गोविंद तिसरा याचे बिरुद. पुढे त्याच वंशात इंद्र तिसरा याच्या पित्याचेही हेच नाव होते. म्हणजे तळे कोणत्याही जगत्तुंगाचे असो, त्याला हजार वर्षे उलटून गेली आहेत. उतारावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, ही जुनीच रीत इथे मोठ्या प्रमाणावर वापरलेली दिसते. मराठवाड्यात पाऊस मोजक्या महिन्यांत पडतो आणि पुष्कळदा त्यातही दगा देतो. अशा मुलखात राजधानीचे नाही तरी राजाच्या आवडीचे शहर वसवायचे तर आधी पाणी साठवावे लागते. मन्याड उन्हाळ्यात आटते, तळे पुष्कळदा टिकते. एवढी मोठी वस्ती, देवळे आणि बाजार इथे का उभे राहिले, याचे उत्तर बांधावर उभे राहिले की निम्मे मिळते. सकाळी लवकर आल्यास बगळे, पाणकावळे आणि धुणे धुणाऱ्या बायका यांखेरीज तिथे फारसे कोणी नसते.

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पण या घराण्याचा मराठवाड्याशी संबंध जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कंधारचे भाग्य मात्र उजळले ते कृष्ण तिसरा (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळात. दक्षिणेत चोळांना ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत हरवणारा हा राजा या वंशातला शेवटचा बलाढ्य सम्राट. कंधारला सापडलेला त्याच्या काळातला संस्कृत शिलालेख हा या गावाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा होय. पुराभिलेखांचे अभ्यासक ग. ह. खरे आणि दिनेशचंद्र सरकार यांच्या अभ्यासामुळे तो इतिहासकारांपुढे आला. त्यात लढायांची वर्णने शोधणाऱ्याची निराशा होते. लेखात देवळांची नावे आहेत, त्यांना दिलेली दाने आहेत, जगत्तुंगसमुद्राचा उल्लेख आहे, लोकांसाठी बांधलेल्या मंडपाचा आहे. काळप्रियाचे देऊळ आणि इतर शिवालये त्यात नावानिशी येतात. आज यांतले एकही देऊळ पूर्ण उभे नाही. शिलालेख नसता तर इथे देवळांचे एक अख्खे शहर होते हे कोणाला खरेही वाटले नसते.

त्या शहराचा सर्वांत मोठा अवशेष मन्याडपलीकडच्या बहाद्दरपुऱ्याच्या बाजूचा. तिथे एका महाकाय मूर्तीचे तुकडे सापडले. ही मूर्ती क्षेत्रपालाची, म्हणजे गावाच्या आणि देवळाच्या शिवेची राखण करणाऱ्या देवाची मानली जाते. पाऊल, हात, बोटे असे सुटे भाग मिळाले आहेत. त्यांच्या प्रमाणावरून मूळ मूर्तीची उंची पन्नास फुटांच्या आसपास असावी असा अंदाज बांधला जातो. एका बोटाच्या तुकड्याशेजारी उभे राहिले की हा अंदाज फुगवलेला वाटत नाही. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा बाहुबली सुमारे ५७ फुटांचा आहे आणि तो दहाव्या शतकाच्या अखेरीस, राष्ट्रकूट सत्ता मावळल्यावर लगेचच घडवला गेला. दख्खनच्या त्या काळातल्या शिल्पकारांना असे अचाट आकार अपरिचित नव्हते. फरक एवढाच की बाहुबली एका डोंगराच्या माथ्यावरच्या अखंड खडकातून कोरला गेला आणि टिकला. कंधारचा क्षेत्रपाल कोसळला आणि तुकड्यांनी उरला. मूर्तीचे अवशेष किल्ल्यात ठेवलेले आहेत, पण ते जिथे सापडले ती जागा आधी पाहून मग तुकडे पाहिले तर त्यांना अर्थ येतो. नुसते तुकडे पाहणारा ‘केवढे हे पाऊल’ एवढेच म्हणून पुढे जातो.

बहाद्दरपुऱ्याहून कंधारकडे येताना वाटेवर बैलजोडी दिसली तर तिथे दोन मिनिटे थांबावे. लाल कंधारी हा गोवंश याच मुलखातला आणि याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा. अंगाचा रंग गडद विटकरी लाल, कधी जवळजवळ तपकिरी. बांधा मध्यम पण कसलेला. शिंगे बाजूला जाऊन वर वळणारी. डोळ्यांभोवती काळसर झाक. गाय दूध बेताचे देते, बैल मात्र कोरडवाहू रानात उन्हातान्हात दिवसभर ओढतो, आणि थोड्या वैरणीवर राहतो. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर या भागातला शेतकरी म्हणूनच त्याला धरून राहिला. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली देवणी ही पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली जात दुधालाही बरी, पण ओढकामाला लाल कंधारीचा चाहता वर्ग वेगळाच आहे. या जनावरांचा मोठा बाजार पाहायचा तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जावे. नांदेड-लातूर रस्त्यावरची ही यात्रा घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांच्या खरेदी-विक्रीसाठी दूरदूर माहीत आहे. त्या दिवसांत सहल आखली तर अर्धा दिवस पुरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

लाल कंधारीबद्दल एक आख्यायिका सांगतात. कंधारच्या सोमदेव नावाच्या राजाने चौथ्या शतकात या गोवंशाला आश्रय दिला, अशी ती आहे. हाच सोमराजा वरंगळच्या काकतीय घराण्याच्या दंतकथेतही भेटतो. कंधारच्या सोमराजाला शत्रूने मारले, त्याची गरोदर राणी हणमकोंड्याला पळून गेली, तिथे तिला झालेल्या मुलाने पुढे राज्य मिळवले, अशी ती कथा. किल्ल्याची माहिती सांगताना या सोमराजाला संस्थापक म्हणून हमखास पुढे केले जाते. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. तिला शिलालेखांचा आधार नाही. पण तेलंगणातल्या एका राजघराण्याला आपले मूळ सांगताना कंधारचे नाव घ्यावेसे वाटले, यावरून या गावाचा जुना दबदबा कळतो.

कंधारच्या जुन्या गावठाणात आले की काळ बदलतो. राष्ट्रकूटांचे राज्य ९७३ साली तैलप दुसरा या चालुक्याने संपवले. पुढे कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीची सुलतानी इथवर पोचली. त्याच सुमारास इथे सूफी संत आले. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा कंधारच्या खुणांपैकी एक. त्यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात आणि त्या दिवसांत गावाचे रूपच पालटते. सांगडे सुलतान यांचा दर्गाही इथलाच. याच गावात साधू महाराजांचे संस्थान आहे. त्यांची दिंडी आषाढीला पंढरपुरी जाते. उरूस आणि दिंडी ही दोन्ही कंधारची नित्याची आवर्तने. दर्ग्यात डोके झाकून जावे, मठात पादत्राणे बाहेर ठेवावी, आणि दोन्हीकडे फोटो काढण्याआधी विचारावे. एवढा शिष्टाचार पाळला की माहिती देणारे आपणहून भेटतात.

गल्ल्यांतून चालताना जुन्या घरांकडे लक्ष द्यावे. इथले खास घर माळवदाचे. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर बारीक काटक्या आणि पाल्याचा थर, आणि सर्वांत वर जाड मातीची धोपटून बसवलेली सपाट गच्ची. उन्हाळ्यात आतली हवा गार राहते ती याच मातीमुळे. उजेडासाठी आणि धूर जायला माळवदात एक भोक ठेवलेले असते. पावसाळ्याच्या तोंडावर ते दगडाने किंवा पत्र्याने झाकतात, आणि माळवदावर नव्या मातीचा हात देतात. ही दरवर्षीची निगा सुटली की पाणी झिरपते, लाकूड कुजते आणि माळवद बसते. अलीकडच्या काळात स्लॅबची घरे झपाट्याने आली, त्यामुळे अशी घरे कमी होत चालली. जी आहेत ती पाहून घ्यावीत, पण ती लोकांची राहती घरे आहेत, संग्रहालय नव्हे.

विसाव्या शतकातले कंधारही इथे सहज भेटते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुक्तिसंग्रामात तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सोबती रझाकारांशी लढताना हुतात्मा झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यानंतरच्या राजकारणात ‘मन्याडचा वाघ’ म्हणून गाजलेले शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे याच मातीतले. त्यांनी उभी केलेली श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी आजही कंधारच्या शिक्षणाचा कणा आहे. गावातला कोणीही म्हातारा माणूस त्यांच्या भाषणांच्या आठवणी सांगायला लागला की थांबवणे कठीण.

आता किल्ला. मराठवाड्याच्या सपाटीवर सह्याद्रीसारखे कडे नाहीत. डोंगरी किल्ल्यात शत्रूला रोखण्याचे जे काम कडा करतो, ते भुईकोटात खंदकाला करावे लागते. कंधारचा खंदक म्हणूनच रुंद आणि खोल आहे, आणि दोन्ही बाजूंनी दगडांनी बांधून काढलेला. तळ्यातले पाणी त्यात आणून सोडायची सोय होती असे गावात सांगतात. दोघांमधले अंतर आणि जमिनीचा उतार पाहता ते पटण्याजोगे आहे. खंदक भरला की शिड्या लावणे अशक्य होते आणि सुरुंग खणणेही अवघड. भुयार थोडे पुढे गेले की त्यात पाणी शिरते.

खंदकाच्या आत एकामागे एक दोन तट आहेत. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच. त्यामुळे आतल्या तटावरून बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून मारा करता येतो, आणि बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन तटांमधल्या अरुंद पट्ट्यात अडकतो. बुरूज तटाच्या पुढे काढलेले आहेत, म्हणजे तटाला भिडलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून टिपता यावे. वरच्या चर्या पाकळीच्या आकाराच्या, त्यांखाली बंदुकीसाठी तिरक्या जंग्या. प्रवेश सरळ नाही. एका दरवाजातून आत गेल्यावर वळण येते, मग पुढचा दरवाजा. हत्तीला धावत येऊन दार फोडता येऊ नये, यासाठी हे वळण. लोहबंदी दरवाजा आणि मछली दरवाजा ही नावे इथे ऐकायला मिळतात. मछली दरवाजाला नाव मिळाले ते त्यावर कोरलेल्या माशांवरून. दख्खनच्या दरबारांत मासा हे मानाचे चिन्ह होते. दरवाजांच्या आतल्या देवड्यांत पहारेकरी बसत. त्यांच्या दगडी ओट्यांवर आज शाळेची मुले डबे उघडतात.

या किल्ल्याला हे रूप का आणि कधी आले, हे समजण्यासाठी बहमनी राज्य फुटल्यानंतरचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कासिम बरीद याच्याकडे कंधार, उदगीर आणि औसा ही जहागीर होती. बिदरची बरीदशाही याच पायावर उभी राहिली. सोळाव्या शतकाच्या मध्याला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने हे तीनही किल्ले बरीदशहाकडून घेतले. निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही आणि कुतुबशाही या चार सत्तांच्या सीमा याच पट्ट्यात एकमेकींना टेकत होत्या. त्यामुळे नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर, कंधार अशी भुईकोटांची रांगच इथे दिसते. एक किल्ला पडला की पुढचा धोक्यात, असा हा मामला होता.

सोळाव्या शतकात तोफा सुधारल्या आणि जुने तट कमी पडू लागले. मग बुरूज जाड आणि रुंद करावे लागले, वर तोफ फिरवायला जागा हवी झाली. कंधारच्या किल्ल्यातल्या फारसी लेखांत आका रूमी नावाच्या कारागिराचे नाव आढळते. रूमी म्हणजे तुर्कस्तानकडचा. त्या काळी तोफा ओतणारे आणि तोफांना सोसणाऱ्या भिंती बांधणारे तज्ज्ञ तुर्की मुलखातून दख्खनेत येत आणि चांगल्या पगारावर नोकरीला लागत. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, ती महंमद बिन हसन रूमी याने. मन्याडकाठच्या एका गावातल्या भिंतीवर इस्तंबूलकडच्या माणसाचे नाव कोरलेले सापडते, यात त्या काळाच्या दृष्टीने नवल काहीच नव्हते. नवल आजच्या पाहुण्याला वाटते. बुरुजावर चढून तोफ पाहताना तिच्याभोवतीचा गोल मोकळा ओटाही पाहावा. तोफ कोणत्या दिशेला फिरायची ते त्यावरून कळते, आणि कोणत्या बाजूने भीती होती तेही.

मलिक अंबरच्या उदयाच्या काळात हा मुलूख रणभूमीच होता. १६०२ साली नांदेडजवळ मोगल सेनापती खानखाना याच्या मुलाशी झालेल्या लढाईत अंबर जखमी झाला. त्याच्या सैनिकांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून तो वाचला. १६२६ मध्ये तो वारला आणि निजामशाही खिळखिळी झाली. १६३१ मध्ये शहाजहानचा सरदार नसीरीखान याने कंधारला वेढा घातला. सोडवणुकीला विजापूरची फौज आली आणि तिला मागे फिरावे लागले. तटाखाली सुरुंग पेरले गेले. काही महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला मोगलांच्या हाती पडला. पुढे खान दौरान या नावाने गाजलेला हाच सरदार १६३६ मध्ये उदगीर आणि औसा घेऊन मोकळा झाला. बाहेरून खंदकाकडे पाहताना हा वेढा आठवला म्हणजे कोरड्या दगडकामातही थोडा जीव येतो.

मोगलांनंतर हैदराबादचा निजाम. अठराव्या शतकात किल्लेदारी गौड राजपूत घराण्याकडे गेली. राजा गोपाळसिंह गौड हा निजामाच्या पदरचा मनसबदार कंधारचा किल्लेदार होता. किल्ल्याला आजच्या भाषेत ‘इस्टेट’ म्हणावे असे रूप आले ते याच काळात. लढायांचे महत्त्व ओसरले आणि किल्ला हे जहागिरीच्या कारभाराचे, वसुलीचे आणि राहण्याचे ठिकाण झाले. १७६० साली उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि मोठा मुलूख मिळवला, तेव्हाही मुख्य संग्राम झाला तो उदगीर-औशाच्या बाजूला. कंधार तुलनेने शांत राहिले, आणि इमारती शाबूत राहिल्या त्या बऱ्याच अंशी यामुळे.

आतल्या इमारती पाहताना नावांच्या यादीत अडकू नये. लाल महाल, राणी महाल, शीशमहाल, दरबाराची जागा, अंबारखाना अशी नावे सांगितली जातात. त्यांतली काही जुनी आहेत, काही मागाहून चिकटलेली. पाहण्यासारखे आहे ते काम. लाल महालाजवळचे हौद आणि कारंज्यांची रचना नीट पाहावी. पाणी उंचावर चढवून खापरी नळांनी खाली आणायचे आणि दाबाने कारंजे उडवायचे, ही दख्खनी राजवाड्यांची आवडती युक्ती. तळ्यावर सकाळ घालवलेल्याला तिचे मर्म लगेच कळते, कारण पाणी साठवायचे, वळवायचे आणि चालवायचे हे ज्ञान या गावात राष्ट्रकूटांपासून आहे. भिंतीतल्या कोनाड्यांना जो चुन्याचा गिलावा आहे, त्याच्या कडा अजूनही कुठेकुठे धारदार आहेत. कमानींच्या आत काजळी जमलेली दिसते ती दिव्यांची असेल, किंवा पुढच्या काळात तिथे राहिलेल्यांच्या चुलींची. अंबारखाना म्हणजे धान्याचे कोठार. त्याचे नाव मलिक अंबराशी जोडून सांगणारे भेटतात. त्याला आधार नाही.

किल्ल्यातच मांडून ठेवलेल्या मूर्ती शेवटी पाहाव्यात. क्षेत्रपालाचे तुकडे, देवदेवता, जैन तीर्थंकर अशी शिल्पे इथे एकत्र आहेत. राष्ट्रकूट राजे शैव आणि वैष्णव देवळांना दाने देत आणि जैनांनाही आश्रय देत. तीर्थंकरांच्या या मूर्ती त्या धोरणाच्या साक्षीदार. ज्या देवळांची नावे शिलालेखात आहेत, त्यांचे दगड पुढच्या शतकांत तट आणि घरे बांधायला वापरले गेले असणार. तटाच्या भिंतीत अधूनमधून नक्षीचा एखादा दगड उलटा बसवलेला दिसतो, तो अशाच एखाद्या देवळाचा. सकाळभर पाहिलेले तळे, नदीपार आणि गाव हे सगळे या एका भिंतीत गोळा झालेले सापडते. वाटाड्याने मुलांना असे दगड शोधायला लावावे. व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

किल्ल्याची निगा राखण्याचे काम राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. झाडोरा काढणे, ढासळलेले तट सावरणे ही कामे टप्प्याटप्प्याने होत आली आहेत, आणि अजून बरीच व्हायची आहेत. भिंतींवर नावे कोरण्याची सवय मात्र पाहुण्यांनाच सोडावी लागेल. माहितीफलक मोजके आहेत, म्हणून सहलीसोबत जाणकार माणूस असणे इथे जरुरीचे ठरते. कंधारमधले इतिहासाचे शिक्षक, जुन्या घराण्यांतली माणसे आणि दर्ग्याचे किंवा संस्थानाचे सेवेकरी यांना आधी विचारून ठेवले तर ते आनंदाने सोबत येतात. शाळेच्या सहलींनी एवढे तरी अवश्य करावे.

व्यवहाराचे थोडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मार्चपासून मराठवाड्याचे ऊन तट चढू देत नाही. तेव्हा जायचेच झाले तर क्रम उलटवून किल्ला आधी पाहावा आणि दुपारच्या आत गाडीत बसावे. नांदेडहून एसटीने लोह्यामार्गे किंवा स्वतःच्या गाडीने जाता येते. तळे, बहाद्दरपुरा आणि किल्ला एकमेकांपासून थोडे दूर असल्याने गाडी सोबत असलेली बरी. पाण्याच्या बाटल्या, डोक्याला टोपी आणि पायात बूट असावेत; तटावरचे दगड सुटे आहेत आणि गवतात साप निघतो. लातूरच्या बाजूने येणाऱ्याला अंतर नांदेडच्या दुपटीहून जास्त पडते, त्याला पहाटे निघावे लागेल. कंधारसोबत उदगीर आणि औशाचे किल्ले एकाच दिवसात उरकण्याचा बेत पुष्कळ जण करतात. तो करू नये. अर्धा दिवस एकट्या कंधारलाच लागतो, आणि उदगीरला त्याहून जास्त.